घरचा हिशेब : रस्त्यावरच्या मदतीची वर्गणी



बुधवार पेठेत राहणाऱ्या एका भगिनीचे चार पानी पत्र समोर आहे. त्यांचे पती तपकीर गल्लीतल्या एका विजेच्या सामानाच्या दुकानात कामाला आहेत. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांनी ओळखीच्या एका गृहस्थाकडून सहा वर्षे वापरलेली मोटार घेतली. निम्मे पैसे साठवलेले, निम्मे पतपेढीचे. आता विम्याची मुदत संपत आली आहे आणि एजंट मागे लागला आहे, "ताई, वर हजार-बाराशे भरा, रोडसाइड असिस्टन्सची मेंबरशिप घेऊन टाका. गाडी कुठेही बंद पडली तरी माणूस हजर." पतीचे म्हणणे, "कशाला? पेठेत चार पावलांवर मिस्त्री आहे. हे सगळे पैसे काढायचे धंदे." भगिनी लिहितात, "भाऊ, तुम्ही सांगाल ते आम्ही दोघे ऐकू."

पत्राच्या तिसऱ्या पानावर खरे कारण होते. गेल्या दिवाळीत हे कुटुंब उमरग्याला निघाले होते. टेंभुर्णीच्या पुढे रात्री अकराच्या सुमारास इंजिन गरम होऊन गाडी बंद पडली. आत सासूबाई आणि दोन मुले. तासाभराने एक क्रेनवाला आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, सोलापूरपर्यंत सात हजार, आधी द्यायचे. घासाघीस करायला ती जागा नव्हती आणि ती वेळही नव्हती. मुलीच्या क्लासची फी त्या रात्री क्रेनच्या हुकाला अडकून गेली.

मी त्यांना निरोप धाडला की उत्तर मागाहून, आधी पॉलिसीचा कागद घेऊन या. रविवारी दोघे आले. एजंटाने दिलेल्या प्लास्टिकच्या पाकिटातून तो कागद त्यांनी बाहेर काढला तो बहुधा पहिल्यांदाच. दुसऱ्या पानावर जादा घेतलेल्या संरक्षणांची यादी होती आणि त्यात तिसऱ्या ओळीत 'रोडसाइड असिस्टन्स' असे स्वच्छ छापलेले होते. म्हणजे ज्या रात्री सात हजार मोजले, त्या रात्री ही मदत कागदोपत्री विकत घेतलेली होती. पण पॉलिसीवर नाव होते जुन्या मालकाचे, फोन नंबरही त्याचाच. आर.सी. बुकावर नाव बदलले, विम्यावर बदलायचे राहून गेले. दोघेही बराच वेळ गप्प होते.

हे फक्त मदतीपुरते नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे जुनी गाडी घेणाऱ्याने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर आपले नाव लावून घ्यायचे असते. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा जो सक्तीचा विमा असतो, तो गाडीबरोबर नव्या मालकाकडे आपोआप येतो. पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आणि त्यावर घेतलेल्या जादा गोष्टी तशा येत नाहीत. त्या रात्री गाडी बंद पडण्याऐवजी दुभाजकाला धडकली असती, तर दुरुस्तीचा सगळा खर्च अंगावर आला असता आणि पतपेढीचा हप्ताही चालूच राहिला असता. ज्यांनी गेल्या वर्षा-दोन वर्षांत जुनी गाडी घेतली असेल, त्यांनी हा अंक खाली ठेवून आधी कपाट उघडावे. आणखी एक, दावा न केल्याबद्दल हप्त्यात जी सूट साचत जाते (पहिल्या वर्षी २० टक्के, वाढत वाढत ५० पर्यंत), ती माणसाची असते, गाडीची नव्हे. जुन्या मालकाची सूट आपल्याला लागू होत नाही. एजंटाने हप्ता जास्त सांगितला म्हणून लगेच त्याच्याशी भांडू नये.

आता मूळ प्रश्न. ही मदत म्हणजे नेमके काय? बॅटरी उतरली तर चालू करून देतात, पंक्चर झाले तर आपलीच स्टेपनी बसवून देतात, किल्ली आत राहिली तर दार उघडून देतात, पेट्रोल संपले तर चार-पाच लिटर आणून देतात, पेट्रोलचे पैसे बहुधा आपलेच. जागेवर जमले नाही तर गाडी टोचन करून जवळच्या गॅरेजपर्यंत नेतात. दुरुस्तीचे आणि सुट्या भागांचे पैसे त्यात नसतात. पुष्कळांचा गैरसमज असतो की मेंबरशिप घेतली म्हणजे गाडी फुकट दुरुस्त होते.

साध्या विम्यातही टोचनाची तरतूद असते, पण ती अपघात झाल्यावर. खासगी मोटारीला नमुना पॉलिसीप्रमाणे १,५०० रुपयांपर्यंत. नुसती बंद पडलेली गाडी म्हणजे अपघात नव्हे.

पेठेपुरते बोलायचे तर पतीचे म्हणणे खरे आहे. बुधवार पेठेतल्या बोळांतून जिथे हातगाडी आणि स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागे जावे लागते, तिथे क्रेन शिरणार कुठून? गणपतीच्या दिवसांत शिवाजी रस्ता आणि लक्ष्मी रस्ता संध्याकाळी बंद झाला की कंपनीचा माणूस शनिवारवाड्यापाशी उभा राहून फोनच करील. आणि दुचाकीचे तर विचारूच नका. पेट्रोल संपलेल्या स्कूटरला मागून अनोळखी माणूस पाय लावून पंपापर्यंत ढकलत नेतो, ही पुण्याची जुनी बिनावर्गणीची मेंबरशिप आहे. शहराबाहेर न जाणाऱ्या दुचाकीसाठी मी तरी हे पैसे भरणार नाही.

पेठेत गाडी ठेवायला जागा नाही म्हणून पुष्कळ जण नदीपात्रात लावतात, हे कुटुंबही त्यांतलेच. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्याच्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत काय झाले ते आपण पाहिले. पाण्यात बुडालेली गाडी ही मदत फार तर ओढून नेईल. इंजिनात पाणी शिरले तर त्याचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. पावसाळ्यात नदीपात्रात गाडी ठेवणाऱ्याने पहिला पैसा तिकडे घालावा, मदतीचा विचार नंतर. आणि बुडालेल्या गाडीला चुकूनही सेल्फ मारू नये, नाहीतर त्या संरक्षणाचा दावाही अडतो.

राहिला हमरस्ता. टोल भरताना आपण चडफडतो, पण त्या पैशात काय येते ते विचारत नाही. राष्ट्रीय महामार्गावर टोल घेणाऱ्या कंपनीने गस्तीची गाडी, रुग्णवाहिका आणि क्रेन ठेवायची असते, करारातली अट आहे. त्यासाठीचा फोन १०३३. पुणे-सोलापूर रस्ता राष्ट्रीय महामार्गच आहे, म्हणजे त्या रात्री हा नंबर लावता आला असता. क्रेन गाडी रस्त्यातून बाजूला सुरक्षित जागी नेते, सोलापूरच्या गॅरेजपर्यंत नेईलच असे नाही. तरी मुलाबाळांसह अंधारात उभे राहण्यापेक्षा टोलनाक्याच्या उजेडात उभे राहणे केव्हाही बरे. माणसाला लागले असेल तर १०८, भीती वाटत असेल तर ११२. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे आहेत, त्यांचे मदत क्रमांक वेगळे. ते रस्त्यावरच्या फलकांवर असतात, चढतानाच लिहून घ्यावेत.

वर्गणी भरून मदत ही कल्पना काही नवी नाही. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून आहे. त्याआधी १९०५ मध्ये इंग्लंडात अशी संघटना निघाली, ती मात्र गाडी ओढायला नव्हे, तर वेग तपासायला दडून बसलेल्या पोलिसांपासून सभासदांना सावध करायला! रस्त्यावरचा त्यांचा माणूस सभासदाच्या गाडीला सलाम करी. ज्या दिवशी सलाम केला नाही, त्या दिवशी समजावे, पुढे पोलीस आहेत. तेव्हा मोटार साहेबांची होती. आपल्या घरात ती आली आहे ती हप्त्याने, आणि म्हणूनच एका रात्रीचे सात हजार आपल्याला महिनाभर पुरतात.

हिशेब असा. वर्षाला हजार धरले तर सात वर्षांतून एकदा तशी रात्र आली की पैसे फिटले. वर्षातून दोनदा उमरगा आणि विजयादशमीला दीक्षाभूमी, म्हणजे एका बाजूने सुमारे सातशे किलोमीटर. सात वर्षांची गाडी, गाडीत सासूबाई. या घराने मदत घ्यावी असे माझे मत आहे. पण एजंट सांगतो ती वेगळी मेंबरशिप नव्हे. नव्या पॉलिसीतच ती जोडून मागावी, बहुधा स्वस्त पडते, आणि एकाच गोष्टीचे दोनदा पैसे जात नाहीत. जुनी मुदत संपण्याआधीच नवी पॉलिसी पतीच्या नावाने, पतीच्या फोन नंबरवर. खंड पडला तर गाडीची तपासणी होते आणि खोळंबा होतो.

सही करण्याआधी एजंटाकडून लेखी घ्यावे : वर्षातून किती वेळा येणार, टोचन किती किलोमीटर फुकट आणि पुढे दर काय, गाडीच्या वयाची अट आहे का, आपल्या गावाकडच्या रस्त्याला माणूस येतो का. तोंडी 'कुठेही' या शब्दाला काही किंमत नाही.

रिक्षा, टेम्पो आणि पिवळ्या पाटीच्या गाड्या चालवणाऱ्या बांधवांनी मात्र फार जपून. खासगी गाडीची मदत भाड्याच्या गाडीला चालत नाही, आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडे मारताना बंद पडलात तर कंपनीला हात झटकायला कारण मिळते. ज्याची गाडी बंद म्हणजे चूल बंद, त्याने स्टँडवरच्या दहा जणांनी मिळून महिन्याला शंभर-शंभर बाजूला टाकावेत आणि एका ओळखीच्या क्रेनवाल्याशी दर आधीच ठरवावा, हे मला जास्त पटते.

जाताना पतींनी विचारले, "आणि मदत येईपर्यंत काय करायचे?" गाडीत बसून राहायचे नाही. चारही दिवे लुकलुकते ठेवायचे, लाल त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर मांडायचा, सगळ्यांनी कठड्याच्या पलीकडे उभे राहायचे आणि फोनवर किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगायचा. त्रिकोण नसला तर लोक दगड आणि झाडाच्या फांद्या मांडतात आणि निघताना तिथेच सोडून जातात, मागून येणारा मोटारसायकलवाला त्यावर पडतो. त्यांच्या गाडीत त्रिकोण होता, डिकीत, स्टेपनीच्या खाली, अजून प्लास्टिकमध्ये. स्टेपनीत हवा नव्हती. मुलीने १०३३ हा आकडा स्केचपेनने लिहून काचेवरच्या झडपेला चिकटवला आणि पती हवा भरायला गेले.