घरच्या गाडीचा मान

मार्च १९६१मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जग्वारने ‘ई-टाइप’ मांडली आणि मोटारशौकिनांचे डोळे दिपले. ३.८ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन, कंपनीच्या दाव्यानुसार २६५ अश्वशक्ती. ताशी ९६ किलोमीटरचा वेग सातेक सेकंदांत. आज अमेरिकेत मुलांना शाळेत सोडणारी, वाणसामान आणणारी आठ आसनी होंडा ओडिसी ही मिनिव्हॅन २८० अश्वशक्तीची आहे. वजन दोन टनांहून अधिक असूनही हा वेग ती जवळपास तेवढ्याच वेळात गाठते. तरीही माना वळतात त्या जग्वारकडे, आणि मिनिव्हॅन घेणाऱ्याच्या वाट्याला येते ती चेष्टा. हा अन्याय आहे.

जुन्या गाडीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. विमान कारखान्यातून आलेल्या माल्कम सेयर यांनी तिचा आकार वारा कापण्यासाठी गणिताने आखला; सौंदर्य त्यातून आपसूक आले. थंडीत चोक ओढायचा, तीन कार्बोरेटरांचा मेळ राखायचा, सिंक्रोमेश नसलेला पहिला गिअर अदमासाने टाकायचा. ती चालवणे हे कसब होते. अशा गाड्या चालत्या ठेवणारे लोक एक विद्याच जपत आहेत.

पण त्या दोन आसनांत संसार मावत नव्हता. मिनिव्हॅनचे सरकते दार पाहा. एका कडेवर झोपलेले मूल, दुसऱ्या हातात पिशव्या. बटण दाबले की दार मागे सरकते, शेजारच्या गाडीला धक्का लागत नाही. गाडी मागे घेऊ लागताच मागचे सारे पडद्यावर दिसते. हा कॅमेरा चैनीची वस्तू नव्हे. २००२मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका बालरोगतज्ज्ञाने घरासमोर आपली एसयूव्ही मागे घेतली. मागे त्यांचाच दोन वर्षांचा मुलगा होता. तो वाचला नाही. त्या पित्याने आणि अशाच इतर पालकांनी नेटाने पाठपुरावा केला. २००८मध्ये कायदा झाला आणि मे २०१८पासून अमेरिकेत नव्या मोटारींना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. घरच्या गाडीतल्या अशा सोयींमागे कुणाचे तरी दुःख आणि कुणाची तरी चिकाटी उभी आहे. साठ वर्षांतली खरी प्रगती वेगाच्या काट्यावर नव्हे, इथे मोजावी.

२०००च्या सुमारास अमेरिकेत वर्षाला दहा लाखांहून अधिक मिनिव्हॅन खपत. पुढे गिऱ्हाईक एसयूव्हीकडे वळले, त्यात ‘मिनिव्हॅन शोभत नाही’ या भावनेचा वाटा मोठा. वास्तविक अनेक एसयूव्हींचे बॉनेट इतके उंच असते, की अगदी पुढ्यात उभे असलेले लहान मूल चालकाला दिसत नाही. न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही गाडी घेताना हाच पेच पडतो. भारतातून आई-वडील काही महिने राहायला येतात, दोन मुले असतात, बॅगा असतात. तरी रुबाबाचा विचार आडवा येतोच.

शौक म्हणून जुनी जग्वार जरूर जपावी. ज्यांना परवडते त्यांनी ती रविवारी रस्त्यावर काढावी, इतरांनी डोळे भरून पाहावी. घरासाठी गाडी घेताना मात्र लोक काय म्हणतील हे मनातून काढून टाकावे, आणि आजीचे गुडघे कोणत्या पायरीवर चढतात व नातवंडे कोणत्या सीटवर सुरक्षित राहतात, एवढेच पाहून निर्णय घ्यावा.