तोफा मोजणाऱ्यांनो, माणूसही मोजा

२०२५ चा मे महिना. गोदीतून आठ दिवसांची सुट्टी काढून मी नागपूरला आलो होतो. इंदोऱ्यातल्या आमच्या टपरीवर ऊन पंचेचाळीसचं आणि चर्चा त्याहून गरम. ७ तारखेपासून सीमेवर विमानं, ड्रोन, क्षेपणास्त्रं. टपरीवर मोबाईल, मोबाईलात एक टेबल. डावीकडे आपण, उजवीकडे ते. रणगाडे इतके आणि तितके. विमानं इतकी आणि तितकी. पाणबुड्या, तोफा, अणुबॉम्ब. एक पोट्टा मोठ्यानं वाचत होता आणि बाकीचे क्रिकेटचा स्कोअर ऐकावा तसे ओरडत होते. १० तारखेला गोळीबार थांबला तर यांची तोंडं उतरली. जसं कोणी मॅच अर्ध्यात बंद पाडली.

वाचणारा पोट्टा माझा धाकटा भाऊ. पहाटे चारला उठून कामठी रोडवर पळतो. त्याला अग्निवीर व्हायचं आहे. टेबल वाचून मला म्हणाला, ‘भाऊ, आपण आठपट आहो!’

या ‘आपण’वर मला बोलायचं आहे.

आठपट खोटं नाही. स्टॉकहोमची ‘सिप्री’ नावाची संस्था दरवर्षी जगाच्या लष्करी खर्चाचा हिशेब काढते. २०२४ चा तिचा हिशेब असा: भारत ८६ अब्ज डॉलर, पाकिस्तान १०, चीन ३१४. म्हणजे पश्चिमेकडे तोंड केलं की आपण आठपट, उत्तरेकडे तोंड केलं की तेच आपण चौथाईच्या थोडे वर. टपरीवर चीनचं टेबल काहून कोणी उघडत नाही, ते कळलं?

मी मुंबईच्या गोदीत ठेक्यावर राबणारा. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो म्हणून थोडं वाचतो. बोट लागली की टॅली क्लार्क वही घेऊन उभा राहतो. नग किती, वजन किती, मार्का कोणता. सगळं वहीत येतं. उचलणारे किती आणि त्यातल्या कोणाची कंबर गेली, त्याला वहीत रकाना नसतो. म्हणून कुठलंही टेबल दिसलं की मी आधी गाळलेला रकाना शोधतो.

नागपूरच्या पोराला त्यासाठी लांब जावं लागत नाही. बर्डीवर खरेदीला जाता ना? मान वर करा. ती सीताबर्डीची टेकडी. तारीख २६ नोव्हेंबर १८१७. त्या संध्याकाळी कोणी टेबल मांडलं असतं तर ते असं दिसलं असतं: अप्पासाहेब भोसल्यांकडे अठरा हजारांच्या आसपास फौज, ३६ तोफा, पगारी अरबांचं कडवं पायदळ. समोर कंपनीचा रेसिडेंट जेनकिन्स. त्याच्याजवळ दीड हजारही माणूस नाही. मद्रासच्या दोन पलटणी, बंगालच्या घोडदळाच्या तीन तुकड्या, चार लहान तोफा. टपरीवरचा पोट्टा ओरडला असता, ‘भाऊ, आपण बारापट आहो!’

रात्रभर तोफा चालल्या. सकाळी अरबांनी छोटी टेकडी घेतलीही. मग खाली मैदानात कॅप्टन फिट्झजेराल्डच्या मूठभर घोडेस्वारांनी मुसंडी मारली, वर अरबांच्या गर्दीत दारूगोळ्याचा गाडा उडाला, आणि दुपारपर्यंत बारापट फौज पांगली. कंपनीचे साडेतीनशेहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. म्हणजे दर चारातला एक. तरी त्यांनी टेकडी सोडली नाही.

आता, भोसले जातीव्यवस्थेमुळे हरले असं म्हटलं तर आपल्या सभेत टाळ्या पडतील. मी म्हणणार नाही. पुरावा नसताना टाळ्या घेणं हे टीव्हीवाल्यांचं काम. पण एवढं दिसतं की राजालाच आपली लढाई आपली वाटत नव्हती. अंगलट आल्यावर अप्पासाहेबानं निरोप धाडला की हल्ला माझ्या हुकमानं झालाच नाही. अरब पगारासाठी लढले आणि डिसेंबरात आपल्या अटी मान्य करून घेऊन शहर सोडून निघून गेले. आणि गावकुसाबाहेर जो माणूस होता, त्याच्याजवळ या लढाईत हरण्यासारखं काय होतं? गुलामी? ती तर दोन्हीकडे शिल्लकच होती.

तोफा ३६ विरुद्ध ४. हरले ते ३६ वाले. का, ते सांगणारा रकाना टेबलात नव्हता.

हे जुनं झालं, म्हणाल. मग १९६५ घ्या. पाकिस्तानकडे अमेरिकेचे पॅटन रणगाडे. त्यांच्या तोडीचं आपल्याकडे फार थोडं होतं. सप्टेंबरात खेमकरणजवळ असल उत्तरच्या उसाच्या शेतांत त्याच पॅटनांचं स्मशान झालं. जीपवर बसवलेली तोफ घेऊन रणगाडे फोडणारा हवालदार अब्दुल हमीद गाझीपूर जिल्ह्यातल्या एका शिंप्याचा पोरगा. मेल्यावर परमवीरचक्र मिळालं. त्याच्या धर्माच्या माणसाला आज रोज देशभक्तीचा दाखला मागणारे लोक तो रणगाडा विसरतात. टेबलात जीप येते. शिंप्याचा पोरगा येत नाही.

आता आपल्याच घरात येतो. काही दोस्तांना राग येईल. येऊ द्या.

२८ हजार विरुद्ध ५००. हेही टेबलच आहे, आणि ते आपण वाचतो. १ जानेवारी १८१८, कोरेगाव. कॅप्टन स्टाँटनकडे आठशेच्या वर माणसं होती: मुंबईच्या पायदळाची पलटण, पुण्याचे घोडेस्वार, तोफखान्याचे चोवीस गोरे, दोन तोफा. पेशव्याची फौज २८ हजारांची सांगतात, पण गावात घुसून लढले ते त्यातले दोनेक हजार. त्यात अरब होते, गोसावी होते. जयस्तंभावर पलटणीची ४९ नावं आहेत. त्यातली ‘नाक’ शेवट असलेली २२ नावं आपल्या पूर्वजांची. बाकीच्या नावांत इतर जातीधर्मांचे शिपाई आहेत.

मग काय स्तंभ खोटा? मुळीच नाही. आकडा फुगवल्याशिवाय तो मोठा वाटत नसेल तर खोट आपल्या डोळ्यात आहे. ज्याच्या सावलीचा विटाळ होत होता तो माणूस रांगेत खांद्याला खांदा लावून दिवसभर तहानेला उभा राहिला आणि त्याचं नाव दगडावर आलं. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले. ते काही तोफा मोजायला गेले नव्हते.

पण त्या स्तंभाच्या मालकानं पुढं काय केलं, ते शाहीर गात नाहीत. बाबासाहेब १८९१ ला महूच्या छावणीत जन्मले. बाप सुभेदार. लगेच १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद. म्हणे तुम्ही लढाऊ जमात नाही. त्या एका वर्षात महाराच्या छातीचं माप घटलं होतं? नेम चुकायला लागला होता? माणूस तोच, खांदा तोच, बंदूक तीच. साहेबानं टेबल बदललं. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ ला अर्ज केला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० ला केला. दार उघडलं नाही. मग महायुद्ध आलं, माणसं कमी पडली, आणि १९१७ ला १११ वी महार पलटण उभी राहिली. लढाई संपली. १९२१ ला पलटण मोडली.

१९१७ ते १९२१. किती वर्षं झाली? चार.

२०२२ साली जाहीर झालेल्या योजनेत अग्निवीराची नोकरी किती वर्षांची? चार. शंभरातले पंचवीस ठेवणार, पंच्याहत्तर घरी. पेन्शन नाही. मी म्हणत नाही की दोन्ही गोष्टी एक आहेत. तेव्हा जात पाहून घरी पाठवलं, आता सगळ्यांनाच पाठवणार. पण गरज असेल तेव्हा उचल आणि गरज सरली की ठेव, हा हिशेब आमच्या ओळखीचा आहे. आम्ही तो सगळ्यात आधी भोगला. गोदीत याला ठेका म्हणतात.

बाबासाहेबांनीही दोन देशांच्या सैन्याची तुलना केली होती. १९४० साली पाकिस्तानवर पुस्तक लिहिलं, त्यात एक अख्खं प्रकरण संरक्षणाचं आहे. सीमा, पैसा आणि फौज, तिन्ही त्यांनी समोरासमोर मांडले. पण ते तोफांवर थांबले नाहीत. फौजेत कोण आहे, कोणत्या प्रांताचा, कोणत्या जमातीचा, आणि वेळ आली तर तो कोणासाठी लढेल, हे त्यांनी विचारलं. हे आकडे सांगायला सरकार टाळाटाळ करत होतं, तेही लिहून ठेवलं. नकाशावरच्या भक्कम सीमेपेक्षा भरवशाची फौज बरी, असा त्यांचा हिशेब.

आणि त्यांनी नुसतं लिहिलं नाही. १९४१ ला व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, रेटा लावला, आणि त्याच ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी कुठं? आपल्या कामठीला. १९४६ ला रेजिमेंटचं केंद्रही कामठीला होतं. माझा धाकटा ज्या रस्त्यावर पळतो त्याच रस्त्याच्या टोकाला.

ह्याच माणसानं ऑक्टोबर १९५१ ला मंत्रिपद सोडताना काय विचारलं? वर्षाला साडेतीनशे कोटींचा महसूल, त्यातले एकशेऐंशी कोटी सैन्यावर. एवढा खर्च कशासाठी? आपल्या परराष्ट्र धोरणानं आपल्याला मित्र ठेवला नाही म्हणून. असं ते सभागृहाबाहेर छापून सांगत होते. सैन्यात आमची बटालियन हवी, हे म्हणणारे तेच आणि सैन्याच्या खर्चाचा जाब मागणारेही तेच. यात ज्याला विसंगती दिसते त्यानं बाबासाहेब फक्त फोटोत पाहिले. जो घरात हिस्सेदार असतो तोच हिशेब मागतो. २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६ लाख ८१ हजार कोटी. केंद्राच्या खर्चात ते शंभरातले तेरा-चौदा रुपये. प्रमाण घटलं. विचारण्याची हिंमत त्याहून घटली. आज विचारलं की लगेच देशद्रोही.

मी विचारत नाही, महालेखापाल विचारतो. २०१७ च्या जुलैत त्याचा अहवाल संसदेत आला. सप्टेंबर २०१६ ची स्थिती: दारूगोळ्याचे १५२ प्रकार तपासले, ६१ प्रकार दहा दिवसही पुरणारे नव्हते. नियम चाळीस दिवसांचा. नंतर तातडीची खरेदी झाली. २०२० ला दुसरा अहवाल. सियाचेनसारख्या बर्फात नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ पर्यंत जवानांना नवे बूट मिळाले नाहीत, जुनेच दुरुस्त करून घातले. टपरीवरच्या टेबलात बुटाचा रकाना आहे काय बे? तोफ नवी, बूट जुना. बूट जुना असला तर पाय कोणाचा गळतो?

आणि तो गोळा भरतो कोण? १७ डिसेंबर २०२३, बाजारगाव, नागपूरपासून तासाभराच्या आत. स्फोटकांच्या कारखान्यात नऊ मजूर उडाले, त्यात सहा बाया. २४ जानेवारी २०२५, भंडाऱ्याचा आयुध कारखाना, आठ मेले. माझ्या गोदीतही हे जुनंच आहे. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदी, ‘फोर्ट स्टिकिन’ नावाची बोट. एकाच पोटात चौदाशे टन स्फोटकं, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा. आग लागली आणि अर्धी गोदी गेली. ६६ बंबवाले मेले. विटा गाळातून वर्षानुवर्षं शोधल्या. मजूर किती मेले, त्याचा एक आकडा आजही नाही. त्याच दिवशी बाबासाहेबांना ५३ वर्षं पुरी झाली आणि ते देशाचे मजूरमंत्री होते. सीमेवर न जाता युद्धात मेलेले हे लोक कोणत्या टेबलात मोजता?

रात्री जेवताना मी हे सगळं धाकट्याला सांगितलं. तो चिडला. म्हणाला, ‘भाऊ, तू भरतीत छातीत कमी भरला म्हणून बोलतो.’ खरं आहे. दोन सेंटिमीटरनं गेलो मी. टेप लावणाऱ्यानं आकडा पुकारला आणि पुढच्याला बोलावलं. मीही एकदा टेबलात होतो. म्हणून तर बोलतो.

माय भाकर वाढत होती. म्हणाली, ‘थो जाईन तर जाऊ दे. वर्दी घालून येईन तं लोकं नाव तरी आदरानं घेतीन.’

यावर मी काय बोलणार? फेब्रुवारी २०२०, गुजरातचा बनासकांठा जिल्हा. लष्करात गेलेला एक दलित पोरगा. लग्नात घोड्यावर बसला म्हणून त्याच्या वरातीवर दगड आले. दगड मारणारे सीमेपलीकडून आले नव्हते. माझ्या मायला मी हे सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो.

धाकट्याला मी थांबवलं नाही. पळ म्हटलं. पळ, छाती फुगव, आत जा. बाबासाहेबांनी उघडलेलं दार आहे, ते सोडायचं नाही. पण टेबल वाचशील तेव्हा चार रकाने माझे घाल. जवानाला किती वर्षं ठेवता? त्याच्या पायात काय आहे? गोळा भरणारी बाई मेली तर तिला काय म्हणता? आणि वर्दी उतरवून घरी आलेल्याला भाड्याची खोली देताना आडनाव विचारता की नाही?

हे चार रकाने दोन्ही बाजूंना भरा. इकडेही आणि तिकडेही. तिकडच्या गावकुसाबाहेरही कोणी तरी गटारात उतरतोच. मग सांगा, कोणाची तयारी किती.

तोवर मला ‘आपण’ म्हणू नका. मी अजून मोजला गेलो नाही.

जय भीम!