करारावर सह्या कोणाच्या?



पी.एन.एम. असो वा जे.सी.एम., आपला एक आग्रह ठाम असतो : ज्यांनी लढा सोसला, त्यांचा प्रतिनिधी वाटाघाटीला बसलाच पाहिजे. मग याच दिल्लीत यादवी संपवणारे करार होतात, तेव्हा हा न्याय कुठे जातो?

३० जून १९८६ रोजी दिल्लीत मिझो करार झाला. वीस वर्षांची बंडाळी थांबली, हे निःसंशय मोठे काम. सह्या तीन : लालडेंगा, केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि मिझोरामचे मुख्य सचिव लालखामा. तिघेही पुरुष. १९६६ चा बॉम्बहल्ला आणि नंतरची सक्तीची गावउठवणी स्त्रियांनीही सोसली; सहीला मात्र एकही नाही. परिणाम काय? १९८७ मध्ये एक स्त्री विधानसभेत निवडून आली. त्यानंतर २०१४ पर्यंत एकही नाही!

नागालँडची कथा वेगळी नाही. १९९४ मध्ये नागा मातांच्या संघटनेने रक्तपात थांबवण्याची मोहीम उभारली. १९९७ मध्ये युद्धबंदी झाली. ३ ऑगस्ट २०१५ रोजी दिल्लीत आराखडा करार झाला, तेव्हा सह्या पुन्हा पुरुषांच्याच. राज्य झाले १९६३ मध्ये. विधानसभेत पहिल्या दोन स्त्रिया पोचल्या २०२३ मध्ये.

म्हणे, 'आधी शांतता, मग स्त्रियांचा वाटा.' शांतता होईपर्यंत खुर्च्या भरलेल्या असतात, हे बोलणाऱ्यांना पक्के ठाऊक असते! संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००० मध्येच ठराव १३२५ करून शांतता वाटाघाटींत स्त्रियांना स्थान द्या, असे बजावले होते.

आणि संसद? महिला आरक्षणाचे विधेयक सप्टेंबर १९९६ मध्ये मांडले गेले, मंजूर झाले सप्टेंबर २०२३ मध्ये; तेही आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, अशी अट घालून. मागणी मंजूर, अंमलबजावणी लांबणीवर, ही चाल आपल्याला नवी नाही.

पण दिल्लीकडे बोट दाखवताना स्वतःकडेही पाहू. मे १९७४ च्या रेल्वे संपात क्वार्टरमधून कुटुंबे बाहेर काढली गेली, तेव्हा चूल आणि लढा दोन्ही बायकांनी सांभाळले. आज आपल्या शाखेच्या कार्यकारिणीत किती भगिनी आहेत? त्यांतल्या किती वाटाघाटीला जातात? केवळ ८ मार्चला हार घालून हे ऋण फिटणार नाही.

साथींनो, ज्यांनी सोसले त्यांची सही हवी. ही मागणी सरकारकडे करा. पण सुरुवात आपल्या शाखेच्या येत्या निवडणुकीपासून करा!