सभागृहात बोलले तर संरक्षण, ग्रुपवर टाकले तर खटला? अब्रुनुकसानीचा कायदा काय सांगतो

‘रस्त्याच्या कामात अमुक ठेकेदाराने पैसे खाल्ले.’ हेच वाक्य आमदार विधानसभेत बोलले, नगरसेवक छत्रपती संभाजीनगर महापालिकेच्या सभेत बोलले किंवा तुम्ही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, तर कायदा तिघांना वेगळे मोजतो. कसे ते पाहू.

गुन्हा कोणता?
१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ लागू आहे. आधी हेच भादंविचे कलम ४९९ आणि ५०० होते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा.

पूर्ण संरक्षण कोणाला?
सभागृहात बोललेल्या शब्दांबद्दल खासदारांवर (कलम १०५) आणि आमदारांवर (कलम १९४) खटला चालत नाही. मात्र हे कवच सभागृहाच्या कामकाजापुरतेच. मीरा-भाईंदरच्या शौचालय प्रकरणात १०० कोटींच्या घोटाळ्याचा आरोप संजय राऊत यांनी २०२२ मध्ये माध्यमांतून केला. ते राज्यसभा सदस्य असूनही मेधा सोमय्या यांच्या तक्रारीवरून माझगाव न्यायालयाने २६ सप्टेंबर २०२४ रोजी त्यांना १५ दिवसांची कैद सुनावली. अपिलासाठी शिक्षा स्थगित झाली.

नगरसेवकांचे काय?
राज्यघटनेने त्यांना असे कवच दिलेले नाही. त्यांनाही तुमच्या-आमच्यासारखे कलम ३५६ च्या दहा अपवादांवरच विसंबावे लागते.

कोर्टातील साक्षीचे काय?
इंग्लंडमध्ये साक्षीदाराला पूर्ण संरक्षण असते. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी बाई शांता खटल्यात वेगळी भूमिका घेतली. फौजदारी अब्रुनुकसानीत संरक्षण हवे असेल तर ते कलमातील अपवादांतच शोधावे लागते.

बातमीला संरक्षण आहे?
न्यायालयीन कामकाजाचे खरे वृत्त हा चौथा अपवाद आहे. विधिमंडळाच्या वृत्ताला राज्यघटनेचे कलम ३६१-क संरक्षण देते. एफआयआरची अचूक बातमी ही अब्रुनुकसानी नाही, असे नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये ‘लोकमत’शी संबंधित प्रकरणात म्हटले.

मग तक्रार करायचीच नाही का?
जरूर करा. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार आठव्या अपवादात बसते. म्हणजे आयुक्तांकडे पुराव्यानिशी दिलेला अर्ज आणि चारशे जणांच्या ग्रुपवरचा मेसेज यांत मोठा फरक आहे. सद्भावना म्हणजे ‘मनात वाईट नव्हते’ एवढेच नाही. पुरेशी काळजी घेऊन खातरजमा केलेली असावी लागते.

‘पण खरेच आहे ना!’
आरोप नुसता खरा असून भागत नाही. तो लोकहितासाठी केला हेही दाखवावे लागते आणि अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच असतो. अखेरीस निर्दोष सुटलात, तरी तोवरच्या तारखा चुकत नाहीत. म्हणून कागद आधी, फॉरवर्ड नंतर.