मुलाला ओरडण्याआधी राउटरकडे बघा

मैत्रिणींनो, आज विषय थोडा वेगळा आहे, पण घरातलाच आहे.

आपल्याकडे जेवणं सूर्यास्ताआधी उरकतात. ओटा आवरून साडेसातला घर मोकळं होतं आणि सगळ्यांचे मोबाईल एकदम सुरू होतात. सासूबाईंचा ऑनलाईन स्वाध्याय, ह्यांच्या बातम्या आणि दहावीतल्या लेकाचा मामेभावाबरोबर तासभर खेळ. तो तास आम्हीच ठरवून दिलेला. पण आठ वाजले की आरडाओरडा सुरू, "नेट अडकतंय!" एकदा तास संपला तरी तो उठेना. म्हणाला, "अर्धा वेळ अडकण्यातच गेला." मी सासूबाईंसमोर त्याला खोटारडा म्हणाले. दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही.

ह्यांनी मोठा प्लॅन घेतला. महिन्याला दोनशे रुपये जास्त गेले, फरक काहीच पडला नाही.

शेवटी भाचीने फोनवर एक तपासणी सांगितली. संगणकावरून आधी घरच्या राउटरला पिंग करायचं, मग बाहेरच्या सर्व्हरला. पिंग म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. दुपारी बाहेरचा आकडा ३० आला. रात्री आठला तोच ४००! राउटरपर्यंतचा मात्र दोन्ही वेळा ३-४ च. म्हणजे घरातलं वायफाय ठीक होतं, गर्दी पुढच्या वाटेवर होती. आणि लेक खरं बोलत होता.

गर्दी करत कोण होतं? मी! रोज त्याच वेळी मी फोन चार्जिंगला लावायचे आणि भाच्याच्या लग्नाचे व्हिडिओ आपोआप बॅकअपला जायचे. आमच्या प्लॅनमध्ये खाली येण्याचा वेग १०० एमबीपीएस, वर जाण्याचा फक्त १०. नव्या प्लॅनने पहिला आकडा वाढवला, दुसरा होता तिथेच राहिला.

पिठाच्या गिरणीवर उभ्या आहात असं समजा. पुढच्या बाईचे दहा किलोचे चार डबे आणि तुमची वाटीभर डाळ. खेळाचा डेटा म्हणजे ही वाटीभर डाळ. अगदी थोडा, पण वेळेवर पोचायला हवा. राउटर मात्र माझे व्हिडिओ रांगेत साठवत बसतो आणि डाळ मागे अडकते. याला बफरब्लोट म्हणतात. यावर एफक्यू-कोडेल नावाची पद्धत आहे, २०१८ साली तिचा रीतसर दस्तऐवजही प्रसिद्ध झाला. प्रत्येकाची रांग वेगळी आणि थोडं दळण असणाऱ्याला खोळंबा नाही, इतकी ती सोपी.

राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम किंवा क्यूओएस असं काही दिसतं का बघा. असलं तर तिथे खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी मर्यादा घाला. आम्ही १० च्या जागी ९ घातले, म्हणजे रांग आपल्याच राउटरच्या ताब्यात राहते. सगळ्याच राउटरमध्ये ही सोय नसते. नसेल तर बॅकअप सगळे झोपल्यावर सुरू करा, निम्मं काम तेवढ्यानेच होतं.

तुमच्याकडे राउटरपर्यंतचाच पिंग उड्या मारत असेल, तर दोष वायफायचा. राउटर लोखंडी कपाटामागून बाहेर काढा. जवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ वापरा, कारण २.४ वर शेजाऱ्यांची गर्दी असते आणि मायक्रोवेव्हही अडथळा आणतो. सगळ्यात उत्तम म्हणजे सरळ केबल जोडणं.

काही जणी म्हणतील, खेळ सुरळीत करून देण्यात कसलं कौतुक? अडकला तर बरंच, कंटाळून सोडेल. मला हे पटत नाही. अडकलेला मुलगा खेळ सोडत नाही, चिडतो आणि "अजून दहा मिनिटं" मागत बसतो. किती खेळायचं हे आईवडिलांनी ठरवावं. ते काम बिघडलेल्या नेटवर सोपवलं तर मूल एवढंच शिकतं की आपलं म्हणणं कोणी तपासून बघत नाही.

आता आठलाही पिंग चाळीसच्या आत असतो, सासूबाईंचा स्वाध्यायही अडकत नाही. तास संपला की लेक बहुतेक वेळा आपणहून उठतो. मी त्याची माफी मागितली, तीही सासूबाईंसमोरच. खोटारडा म्हटलं होतं ते त्यांच्यासमोरच ना!