घराची दुरुस्ती आणि घरांतील दिनक्रम

उन्हाळा आला कीं नांदेड-लातूरकडील गांवोगांवीं घरांच्या डागडुजीस आरंभ होतो. मृगापूर्वीं माळवद नीट करावयाचें, पडकी भिंत सावरावयाची, ऐपत असेल तर एखादी खोली वाढवावयाची, असे बेत घरोघर चालतात. गवंडी व सुतार आले, भांडींकुंडीं ओसरीवर आलीं, कीं "आतां काम संपेपर्यंत असेंच चालावयाचें" असें म्हणून सर्व मंडळी मोकळीं होतात. जेवणास वेळ राहत नाहीं, मुलांचीं पुस्तकें पेटींत जातात, आणि आठ दिवसांचें काम दोन महिने लांबतें. आमच्या मतें ही समजूत घातक आहे. दिनक्रम दुरुस्ती संपल्यावर नव्हे, तर ती चालू असतांनाच पुन्हां बसवावयाचा असतो.

आपल्याकडील जुन्या घराची रचनाच हें शिकविते. भिंती दगड-मातीच्या व जाड असल्या, तरी खणांच्या बहुतेक घरांत माळवदाचा भार लांकडी खांब व तुळया पेलतात. म्हणून कुशल कारागीर भिंतीचा थोडा थोडा भाग उकलून दुरुस्त करूं शकतो. दि. 30 सप्टेंबर 1993 रोजीं पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपांत लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) या जिल्ह्यांतील हजारों माणसें दगावलीं. जाड भिंतींचे आंतले व बाहेरचे थर एकमेकांस नीट सांधलेले नव्हते, आणि माळवदावर मातीचें ओझें फार होतें. पुढें 52 गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. पण जीं घरें खिळखिळीं होऊनहि उभीं होतीं, त्यांस बळकटी देण्याचा मार्ग निघाला. भिंतींत ठराविक अंतरावर आरपार भोंक पाडून सळई व कांक्रीट भरावयाचें, खांब-तुळईच्या कोनांत तिरपे आधार द्यावयाचे, माळवदावरील माती कमी करावयाची. असें काम क्रमाक्रमानें होतें, आणि घरांतील व्यवहारहि त्याच क्रमानें लावतां येतो.

पूर्वीचा सर्व क्रम जसाच्या तसा राखा, असें आमचें म्हणणें नाहीं. तो थोडा असावा, पण नेमाचा असावा. चूल कोठेंहि मांडा, परंतु जेवणाची वेळ ढळूं देऊं नका. धूळ व ठोकाठोक यांपासून दूर असा एक कोपरा अभ्यासास राखा, आणि गवंड्यांची सुटी झाली कीं मुलांनीं तेथें बसावें. दुरुस्तीचें कामहि दिनक्रमांत घ्या. सिमेंटचें काम निदान सात दिवस ओलें ठेवावें लागतें. सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडण्याचें काम विद्यार्थ्यांनीं अंगावर घ्यावें. ज्या लातुरास 2016 सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें ओलें गोणपाट लावून पाणी वांचविण्याचें शिक्षणहि आपोआप मिळेल.

येथें पालकांस एक गोष्ट स्पष्ट सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. घरांत दिनक्रम परत आला, असें आपण म्हणतों, तेव्हां पुष्कळदां त्याचा अर्थ इतकाच असतो कीं माउलीनें दुप्पट कष्ट करून तो आणला. विटांवर मांडलेल्या चुलीवर स्वयंपाक, कारागिरांचा चहा, धुरळ्याची झाडलोट, हें सर्व एकटीच्या माथीं टाकून इतरांनीं सवडीनें जेवावयास बसणें न्यायाचें नव्हे. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकानें आपला वाटा उचलला पाहिजे.

तितकाच दुसराहि धोका आहे. पूर्ववत् राहण्याच्या घाईनें मुख्य काम अर्धवट ठेवून भिंतीस गिलावा व रंग देण्याचा मोह पडतो. रंगानें भिंत सांधली जात नाहीं. दि. 21 मार्च 2024 रोजीं पहाटे हिंगोली-नांदेडकडे बसलेल्या धक्क्यांनीं त्याची आठवण पुन्हां दिली आहे. ज्या खोलीचा आधार काढला आहे, तेथें कोणी निजूं नये. सोयीपेक्षां जीव मोठा.

विद्यार्थी मित्रहो, घर नीट होण्याची वाट पाहत अभ्यास थांबवूं नका. गवंडी भिंत सांधून जाईल. परंतु त्या दोन महिन्यांत सुटलेला नेम आपला आपणांसच सांधावा लागतो.