चोर सोडून संन्याशाला फाशी

भारतीय क्रिकेट संघाचे सहायक प्रशिक्षक अभिषेक नायर यांना एप्रिल २०२५ मध्ये पदावरून दूर करण्यात आले. जुलै २०२४ मध्ये झालेल्या नेमणुकीला तेव्हा पुरते वर्षही झाले नव्हते. वृत्तपत्रांनी कारण दिले ते कसोटी संघाच्या फलंदाजीच्या अपयशाचे. अपयश खरेच होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळूरला न्यूझीलंडविरुद्ध भारताचा पहिला डाव ४६ धावांत आटोपला, पुण्यातही हार झाली, आणि मुंबईला १४७ धावांचे लक्ष्य असता संघ १२१ धावांत गारद झाला. मायभूमीवर ०-३ असा पराभव पदरी घेऊन संघ ऑस्ट्रेलियाला गेला आणि तेथेही १-३ असा हरून परतला.

पण या अपयशाचे मूळ कोठे होते? पराभवानंतर जानेवारी २०२५ मध्ये नियामक मंडळानेच खेळाडूंसाठी कडक नियम आखले, आणि देशांतर्गत स्पर्धांत खेळण्याची सक्ती हा त्यांतील एक प्रमुख नियम होता. म्हणजे नामवंत फलंदाज रणजी सामन्यांपासून दूर राहतात, हे दुखणे मंडळाला ठाऊक होते. ते दूर राहतात कारण खेळाचे वेळापत्रक बाजार ठरवतो. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ज्या मंडळाने ४८,३९० कोटी रुपयांना विकले, त्याच मंडळाने वीस षटकांची झटपट फलंदाजी भरभराटीला आणली आणि दिवसभर खेळपट्टीवर टिकून राहण्याची विद्या अडगळीत टाकली. हे धोरण सहायक प्रशिक्षकाने ठरवले नव्हते. शिक्षा मात्र त्याला झाली. धोरण आखणारे पदाधिकारी आपापल्या खुर्च्यांवर राहिले, मुख्य प्रशिक्षकही राहिले. क्षेत्ररक्षण प्रशिक्षक टी. दिलीप यांनाही त्याच वेळी दूर केल्याच्या बातम्या आल्या आणि पुढे इंग्लंड दौऱ्यासाठी त्यांनाच पुन्हा पाचारण करण्यात आले. यात न्यायाची कसोटी कोणती होती, हे मंडळानेच सांगावे!

नायर गेल्यावर दुखणे गेले काय? २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये फलंदाज खेळले, मालिका २-२ अशी बरोबरीत सुटली, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कोलकात्याला अवघ्या १२४ धावांचा पाठलाग करताना भारताचा डाव ९३ धावांत कोसळला आणि गुवाहाटीला तर ४०८ धावांनी पराभव झाला. माणूस बदलला तरी व्यवस्था तीच राहिली, म्हणून फळही तेच मिळाले.

कोणी म्हणेल, लक्षाधीशांच्या या खेळाचे बीडच्या कष्टकऱ्याला काय सोयरसुतक? नायर यांना काही दिवसांतच कोलकात्याच्या संघाने काम दिले, हे खरे. त्यांच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो रीतीचा. नफ्याचे श्रेय वर जाते आणि तोट्याची जबाबदारी खाली घसरते, ही रीत बीड जिल्ह्याला पुरती परिचित आहे. येथे हंगाम म्हणजे उसाचा गळीत हंगाम. उचल घेऊन कोयता कारखान्यावर जातो. तेथे बाई आजारी पडली तर तिच्या माथी खाडा बसतो आणि तोडणी अपुरी राहिली तर उचल अंगावर फिरते. कारखाना तोट्यात गेला म्हणून संचालकाच्या माथी खाडा बसल्याचे मात्र कोणी पाहिले आहे काय?

याच बीडच्या सचिन धसने फेब्रुवारी २०२४ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताचे चार गडी ३२ धावांत बाद झाले असता ९६ धावा काढल्या आणि संघाला अंतिम सामन्यात नेले. असे खेळाडू घडतात ते तालुक्याच्या मैदानावर उन्हात उभ्या राहणाऱ्या अज्ञात शिक्षकांच्या हातून. त्या शिक्षकांच्या पदरी काय आहे? महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर राबणाऱ्याला शिकवलेल्या तासांचेच पैसे मिळतात, सुटीचे मिळत नाहीत, आणि पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही हे संस्थाचालकाच्या मर्जीवर अवलंबून असते. त्याला काढण्यासाठी पराभवाचेही निमित्त लागत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी या घटनेकडे क्रीडापानावरची बातमी म्हणून पाहू नये. नेमणूक लेखी व मुदतीची असावी, मुदतीपूर्वी काढायचे तर कारण लेखी द्यावे, संबंधिताचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि धोरण आखणाऱ्यांची झाडाझडती आधी व्हावी, या चार मागण्या क्रिकेट मंडळाला जितक्या लागू आहेत तितक्याच जिल्ह्यातील शिक्षणसंस्थेला आणि साखर कारखान्यालाही लागू आहेत. त्या मागण्यांचा आरंभ आपल्याच तालुक्यातून झाला पाहिजे. उत्तरदायित्व वरून सुरू होत नाही, तोवर प्रत्येक पराभवानंतर एक संन्यासी सापडेल आणि चोर पुढच्या हंगामाचे करार करीत बसेल.